एक गेली तरी चालतंय

लग्नाच्या शूटिंगला दुसरा टेक नसतो. सिनेमावाल्यांचं बरं असतं, नायिका मनासारखी रडली नाही तर तिला पुन्हा रडवता येतं. आमच्या औंढा तालुक्यात पाठवणीच्या वेळी नवरी आईच्या गळ्यात पडून जे काही रडायचं ते एकदाच रडते, आणि ते कॅमेऱ्यात सापडलं नाही किंवा सापडून नंतर हरवलं तर पुढची वीस वर्षं त्या घरात फोटोग्राफरचं नाव निघतं. म्हणून सिद्धेश्वरच्या आसपासच्या गावांची लग्नं ज्यांच्या स्टुडिओत साठलेली आहेत ते काका स्वतःला फोटोग्राफर समजत नाहीत. ते स्वतःला बँक समजतात. ठेवी वेळेवर परत न करण्याच्या बाबतीतसुद्धा.

साठा कसा वाढतो ते सांगतो. सिद्धेश्वरचं धरण १९६८ सालचं, सहा किलोमीटरहून जास्त लांब. वरच्या अंगाला येलदरीने पाणी साठवायचं आणि सिद्धेश्वरने ते वसमत-परभणीकडच्या कालव्यांना वाटायचं, असा पूर्णा नदीवरचा हा जोडधंदा. बांधणाऱ्यांचा हेतू शेतीचा होता. सध्याच्या पिढीच्या मते धरण बांधलंय ते प्री-वेडिंगच्या मागे निळं काहीतरी दिसावं म्हणून. भिंतीपासून हटकलं की मंडळी पाण्याच्या कडेला जातात, तिथून हटकलं की कालव्यावर, पण ड्रोन वर जातोच. फोर-केचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने लिहायला लागला की तासाला ४५ जीबी होतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेऱ्यांचे मिळून आठ तास धरा, झाले ३६० जीबी. त्यातलं निम्मं पंगतीत बुंदी वाढणाऱ्यांचे हात असतात, पण ते पुसायची सोय नाही. कुणाचा हात कुणाच्या मामाचा निघेल सांगता येत नाही.

पूर्वी हा सगळा माल सुट्या हार्ड डिस्कांमध्ये भरून लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलेला असे. डिस्कांवर स्केचपेनने नावं: ‘लग्न नवीन’, ‘लग्न नवीन २’, ‘लग्न जुनी नवीन’, आणि एकीवर नुसतं ‘हिला हात लावू नका’. त्या शेवटच्या डिस्कमध्ये काय होतं हे आता कुणालाच माहीत नाही, कारण सांगितल्याप्रमाणे कुणी हात लावला नाही.

मग पुतण्या आला. नांदेडला इंजिनिअरिंग करून आलेल्या पुतण्याला घरात काहीतरी पाडून नवीन बांधायचं असतंच. बाकीच्यांचे पुतणे न्हाणीघर पाडतात, याने विंडोज पाडलं. एक जुनाट टॉवर, त्यात चार-चार टीबीच्या चार नव्या डिस्का आणि लिनक्स, असा बेत त्याने मांडला. काकांनी एकच प्रश्न विचारला, “ह्याला कार्ड लागतं म्हणत होता ना दुकानवाला?” रेड चालवायचं स्वतंत्र कार्ड मिळतं खरं, आणि बरं कार्ड या चार डिस्कांइतके पैसे मागतं. पुतण्या म्हणाला, “कार्ड काहून पाहिजे काका? लिनक्समधी फुकट हाय ते.” काकांच्या आयुष्यातला तांत्रिक निर्णयांचा पहिला आणि शेवटचा निकष हाच असल्यामुळे चर्चा तिथेच संपली.

फुकटाची ही कल्पना मुळातच काटकसरीतून निघालेली आहे. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. त्या वेळी मोठ्या संगणकाला आयबीएमची ‘३३८०’ नावाची, कपाटाएवढी डिस्क लागे. ७,५०० एमबीची ती जागा म्हणजे त्या काळचं वैभव. यांचं म्हणणं असं की एवढा हत्ती पोसण्यापेक्षा पर्सनल कॉम्प्युटरच्या शंभर-शंभर एमबीच्या स्वस्त डिस्कांची टोळी करावी. स्वस्त वस्तू लवकर मरतात, हे त्यांना आपल्यासारखंच ठाऊक होतं. म्हणून टोळीतली एक मेली तरी बाकीच्यांनी तिचं काम ओढायचं, अशी ‘रेड’ नावाची व्यवस्था त्यांनी लावून दिली. निबंधात तिचे पाच प्रकार आहेत, १ ते ५. शून्य, सहा आणि दहा नंतर येऊन चिकटले.

हे आकडेच काकांना पचेनात. माणसाला वाटतं, जेवढा आकडा मोठा तेवढा माल भारी. “दहा नंबरचं लाव की मग, पैशाचं बघू,” असं ते पहिल्या दमात म्हणाले, आणि दहात निम्मी जागा जाते हे कळल्यावर दुसऱ्या दमात शून्यावर उतरले. शून्यात सगळी जागा मिळते, वेगही बेफाम, फक्त चारातली एक डिस्क गेली की चारी डिस्कांवरचं सगळं गेलं. वाचवण्याच्या बाबतीत याचं काम नावाप्रमाणे शून्य. एक नंबरात प्रत्येक डिस्कवर तीच नक्कल. सहा नंबरात दोन डिस्का मेल्या तरी माल जिवंत, पण चारातल्या दोन हिशेबातच खर्ची. शेवटी घासाघीस होऊन व्यवहार पाच नंबरावर तुटला. एक डिस्क गेली तरी चालतं, आणि जागाही फक्त एकीचीच जाते.

“जाते म्हणजे कुठं जाते?” काकांनी विचारलं. सोळा टीबीचे पैसे दिलेत, हातात बारा येणार. मधले चार कुणी खाल्ले? पुतण्याने वहीचं पान फाडलं आणि तीन आकडे मांडले: १, ०, १. म्हणाला, हे तीन डिस्कांवरचे. चौथीवर असा आकडा लिहायचा की चौघांत मिळून १ ची संख्या सम यावी. इथे दोनच १ आहेत, म्हणजे चौथा ०. मग त्याने मधल्या शून्यावर बोट ठेवलं. “ही डिस्क मेली. आता सांगा तिच्यावर काय होतं?” काका पानाकडे बघत राहिले. १, बोट, १, ०. “शून्य,” ते म्हणाले. पुतण्याने बोट उचललं. काकांनी त्याच्याकडे, मग पानाकडे, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे असं पाहिलं की जणू जत्रेत कुणी कानामागून नाणं काढून दाखवलंय. एवढंच आहे सगळं. हा चौथा आकडा कायम चौथ्याच डिस्कवर राहत नाही, पट्ट्यापट्ट्याने चौघींवर फिरत राहतो, कारण एकीलाच हिशेबनीस केलं तर प्रत्येक लिखाणाला तिलाच उठावं लागेल. सासुरवासाचं हे तत्त्व काकूंना लगेच पटलं.

खरी कटकट पुढे झाली. मशीन उभं राहिल्यावर पडद्यावर बाराही दिसेनात, दिसले १०.९. डिस्क विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, लिनक्स १०२४ च्या पटीत, आणि बारा लाख-करोड बाइट्सपर्यंत जाताजाता फरक टीबीभर होतो. पुतण्याने हे समजावलं. काका ऐकून घेऊन म्हणाले, “असू दे. घरातल्याच माणसानं घेतलंय.”

आता बसवायची हकीकत. आज्ञा अगदी एका ओळीची आहे. ‘एमडी-ॲडम’ नावाचा प्रोग्रॅम, त्याला सांगायचं क्रिएट, मग नाव एमडी-शून्य, लेव्हल पाच, डिव्हाइसेस चार, आणि पुढे चार डिस्कांची नावं. एंटर. दुसऱ्या सेकंदाला ॲरे, म्हणजे डिस्कांची टोळी, तयार. नील ब्राउन या गृहस्थाने हा प्रोग्रॅम लिहिला आणि लिनक्समधलं रेड जवळपास दीड दशक सांभाळलं. २०१५ च्या शेवटी त्याने जाहीर केलं की आता दुसऱ्या कुणीतरी बघावं. जगभरातल्या डिस्कांना जोडीदार लावून देणारा माणूस स्वतः मात्र त्या कामाला एकटाच, ही गोष्ट आपल्याकडच्या वधू-वर सूचक केंद्रांत पुष्कळदा दिसते, तिचं एवढं नवल वाटायला नको.

ॲरे तयार झाल्यावर त्याची तब्येत बघायची एक फाइल असते, प्रॉक-एमडीस्टॅट. तिच्यात एक ओळ येते: आधी [४/४], पुढे [यूयूयूयू]. प्रत्येक यू म्हणजे एक धडधाकट डिस्क. एखादी मेली तर तिच्या जागी यूच्याऐवजी खालची आडवी रेघ येते. सगळ्या लिनक्समध्ये साध्या माणसाने शिकण्यासारखी एवढी एकच ओळ आहे, आणि काकांनी ती शिकायचं ठरवलं. पुतण्याने फाइल उघडून दाखवली. ओळ अशी आली: [४/३] [यूयूयू_].

“एक कमी हाय की रे!”

“असंच असतं काका. घाबरू नका.”

पुतण्याचं बरोबर होतं. पाच नंबरचं ॲरे लिनक्स बनवतं तेच मुळी एक डिस्क कमी धरून. चौथीला आधी बाहेर बसवतं, बाकीच्या तिघींवरून हिशेब काढत ती भरतं, आणि पूर्ण भरली की घरात घेतं. कोऱ्या डिस्कांवर हा उपद्व्याप कशाला, असं वाटेल, पण चौघींचा सम-विषम हिशेब पहिल्या दिवशी जुळवून घेण्याचा हाच वेगाचा रस्ता आहे. म्हणजे हे बाळ जन्मतःच आजारी असतं आणि काही तासांनी आपोआप बरं होतं. चार टीबीची डिस्क सेकंदाला दीडशे एमबीने भरली तर साडेसात तास लागतात. पण काका साडेसात तास थांबले नाहीत. त्यांना वरात होती. त्यांनी डायरीत ती ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली आणि पुढे कंसात लिहिलं: ‘असंच असतं’.

या डायरीने पुढे काय केलं ते येईलच. आधी लाइटीचं.

येलदरीच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे, २२.५ मेगावॉटचं. वीज तयार होते ती आमच्या डोक्यावर, आणि जाते ती आमच्या डोक्यावरूनच, याबद्दल गावात कुणाची तक्रार नाही. पण ॲरे भरत असताना लाइट गेली तर काय, या प्रश्नावर लिनक्सने माणुसकी दाखवलेली आहे. काम कुठपर्यंत आलं ते तो लिहून ठेवत जातो आणि लाइट आली की तिथून पुढे सुरू करतो. ग्रामपंचायतीच्या रस्त्याच्या कामालाही ही सोय असती तर बरं झालं असतं. खरी भीती वेगळीच. पाच नंबरात माल लिहून झाला आणि हिशेबाचा आकडा लिहायचा राहिला, एवढ्या फटीत लाइट गेली की माल एक सांगतो, हिशेब दुसरं. जोवर सगळ्या डिस्का जिवंत आहेत तोवर परत मेळ घालता येतो. तेवढ्यात एक मेली तर मात्र चुकीच्या हिशेबावरून तिचा माल काढला जातो, आणि वराच्या बापाच्या तोंडाच्या जागी हिरव्या चौकोनांची रांगोळी येते. यावर एक वेगळी जर्नल डिस्क लावायचा उतारा आहे. काकांनी त्यावर इन्व्हर्टरचा उतारा काढला, आणि इन्व्हर्टरवर फ्रीजही जोडला.

दुसऱ्या दिवशी मशीन बंद करून चालू केलं तर एमडी-शून्य गायब. त्याच्या जागी एमडी-१२७ नावाचं काहीतरी. मशीनच्या कॉन्फिग फाइलमध्ये ॲरेची नोंद केली नाही आणि बूट होतानाच्या छोट्या इमेजमध्ये ती नोंद पोचवली नाही की लिनक्स उलट्या टोकाने नाव ठेवायला सुरुवात करतो. एसडीए, एसडीबी या डिस्कांच्या नावांचाही भरवसा नाही. आज जी एसडीए आहे ती केबल हलवल्यावर एसडीसी असू शकते. औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ संत नामदेवांसाठी फिरलं आणि नंदी मागच्या बाजूला राहिला, अशी आख्यायिका आमच्या इथे शेंबडं पोर सांगतं, त्यामुळे जागा आणि नाव यांची फारकत आम्हाला नवी नाही. एमडी-ॲडम डिस्कच्या नावाकडे बघतच नाही. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला सुपरब्लॉक नावाचा एक छोटा दाखला असतो, त्यात कुळाचा लांबलचक क्रमांक आणि ही कितवी ते लिहिलेलं असतं. डिस्का कुठल्याही खणात टाका, तो दाखले तपासून प्रत्येकीला तिच्या पाटावर बसवतो.

माणसाला मात्र दाखला दिसत नाही, खण दिसतो. आणि त्यातून दसऱ्याच्या आधीची खंडेनवमी आली. घरातली सगळी अवजारं पुजायची म्हणून काकूंनी मशीनचं झाकण उघडायला लावलं आणि डिस्कांना बोटं टेकवली. दोघींना हळद लावून झाली, वाटी संपली, मग उरलेल्या दोघींना कुंकू. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात तिचे जे काही गुण नोंदले असतील ते असोत, पत्र्यावर ती पक्की बसते एवढं मी पाहिलं आहे. पुढे कुठलीही डिस्क ओळखायची झाली की डिस्कवरचा बारीक अक्षरातला सीरियल नंबर पुतण्या मोबाइलच्या उजेडात वाचत बसे, आणि काका सांगत, “वरून दुसरी, कुंकवाची.” आणि तीच निघे.

या काळात ॲरे चालत होतं. रात्री काम करत होतं, दिवसा काम करत होतं. डेबियन घराण्यातल्या लिनक्समध्ये एक जुनी रीत आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी ॲरे आपण होऊन सगळ्या डिस्का अथपासून इतिपर्यंत वाचून तपासतं. बंद दुकानात मध्यरात्रीनंतर चार डिस्का एकदम खरखरायला लागायच्या आणि मागच्या खोलीत काकू उठून बसायच्या. हा प्रकार अमावास्येला होतो की पौर्णिमेला याचा त्यांनी कॅलेंडर घेऊन छडा लावून पाहिला, तिथी जुळेना. पुतण्याने खुलासा केला तोवर स्टुडिओच्या दाराला लिंबू-मिरची लागलेली होती. ती अजून आहे. पुतण्या म्हणतो, नुकसान काही नाही, राहू द्या.

या तपासणीतली एक गंमत मला फार आवडते. एक नंबराच्या ॲरेत दोन डिस्कांवर तीच नक्कल असते. समजा एका जागी दोघींचं म्हणणं वेगळं निघालं. खरं कोणाचं? लिनक्सला ते कळत नाही. तो फक्त तफावतीचा आकडा वाढवतो. दुरुस्त कर म्हटलं तर एकीचा मजकूर उचलून दुसरीवर लिहून टाकतो, आणि ती एक खरं बोलत होती याचा पुरावा काहीही नसतो. साक्षीदार दोन, जबान्या दोन, निकाल जो आधी बोलला त्याच्या बाजूने. आता आमच्याकडे बघा. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींना मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी बारीक फरक पडला तर तो टिपायचा. अमेरिकेत अशी दोन यंत्रं एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर आहेत. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा सापडली ती लिव्हिंग्स्टनला, आणि सुमारे ७ मिलीसेकंदांनी तीच हॅनफर्डला. दुसरीने दुजोरा दिला म्हणून पहिलीवर विश्वास. एकटी बोलली असती तर शास्त्रज्ञांनी ट्रक गेला असेल म्हणून सोडून दिलं असतं. लहर आकाशात नेमकी कुठून आली ते सांगायला मात्र दोन पुरत नाहीत, तिसरं लागतं, चौथं लागतं, म्हणून हे औंढ्याचं.

काकांना लायगोत रस आहे तो एका बाबतीत. “ते लोक डिस्का कुठं ठेवणार?” असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. जमीन शांत म्हणून ही जागा निवडली हे त्यांना माहीत होतं, आणि २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, पाठोपाठ ३.६ चा, हेही त्यांना माहीत होतं, कारण पहिल्या धक्क्याला ते कॅमेरा घेऊन आणि दुसऱ्याला काकूंना घेऊन बाहेर आले होते. चार डिस्का आत राहिल्या. त्याच वर्षी जुलैत पुन्हा ४.५. मी म्हटलं, काका, चारी डिस्का एकाच पत्र्याच्या डब्यात आहेत. डबा पडला, जळला, चोरीला गेला तर यू चार असून उपयोग नाही. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक प्रत दुसऱ्या गावी पाहिजे. हिंगोलीला तुमचे मेहुणे आहेत. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भूकंप परवडला.”

आणि भूकंपाची तरी काय गरज? शेजारचं आठवीतलं पोर गेम टाकायला म्हणून बसलं आणि ‘नवरी फायनल’ नावाचं फोल्डर पुसून उठलं. ॲरेने ते चौघींवरून एकाच वेळी, एकमताने पुसलं. डिस्क मेली तर ते वाचवतं, आपण मारलं तर तेही मदतीला येतं. नशीब एवढंच की ‘नवरी फायनल फायनल’ वेगळं होतं.

आता डायरीकडे. माघात एक डिस्क मेली. हळदीची, खालून पहिली. एमडी-ॲडमची पाळत ठेवणारी शाखा अशा वेळी पत्र लिहिते. कुणाला? तर रूट नावाच्या सद्गृहस्थाला. हा माणूस प्रत्येक लिनक्स मशीनवर राहतो, सर्वाधिकारी असतो, आणि त्याची टपाल पेटी कुणीही कधीही उघडत नाही. पत्र पडलं. रोज सकाळी एक नवीन पडत गेलं. मशीन मात्र चालू होतं. मेलेल्या डिस्कचा माल मागितला की बाकीच्या तिघी मिळून १, बोट, १, ० करून काढून देत होत्या. थोडा वेळ जास्त लागत होता. पण काकांच्या स्टुडिओत वेळ जास्त लागतोय हे लक्षात येण्यासारखं नसतं.

मग एक दिवस काकांनी सहज फाइल उघडली. [४/३] [यूयूयू_]. दचकले. डायरी काढली. ओळ जुळवली. अक्षरन् अक्षर तीच. पुढे कंसात, स्वतःच्या हस्ताक्षरात: ‘असंच असतं’. त्यांनी समाधानाने फाइल मिटली.

पुतण्या शिमग्याला आला तेव्हा त्याला घाम फुटला. त्याचं कारणही काकांना सांगण्यासारखं होतं. चारी डिस्का एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या. जुळ्यांचं दुखणं एकत्र येतं. नवी डिस्क लावली की ती भरायला उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे बारा टीबी. साध्या डिस्कांच्या कागदावर लिहिलेलं असतं की १० वर १४ शून्यं एवढ्या बिटांमागे एखादा न वाचता येणारा निघू शकतो. हिशेब केला तर साडेबारा टीबीमागे एक. प्रत्यक्षात डिस्का कागदाहून बऱ्या वागतात, पण ज्या रात्री आपल्याला त्यांची सर्वांत जास्त गरज त्याच रात्री त्यांना सर्वांत जास्त राबवायचं, अशी ही रचना आहे. “उद्याच नवीन डिस्क आणा,” पुतण्या म्हणाला.

“चालतंय ना पण?”

“चालतंय. पण—”

“मग लगीनसराई जाऊ दे.”

माझं मत विचाराल तर रेड देतं ती सुरक्षितता नव्हे, मुदत. एक डिस्क मेल्यापासून दुसरी मरेपर्यंतची. आणि मुदत दिली की आमच्या भागात माणूस निवांत होतो. पीकविम्याचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरायला जातो आणि सर्व्हर बंद बघून खूश होतो, कारण आता तारीख वाढणार. बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली डिस्क किती तासांत मरेल, नवी किती तासांत बसेल याची बारकाईने गणितं मांडली. नवी बसवण्याचा वेळ त्यांनी तासांत धरला होता. लगीनसराई जाऊ दे, मग अधिक महिना आहे, मग पेरण्या, मग तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मुहूर्त, हे पद त्यांच्या समीकरणात नाही. सहा नंबर घेतला असता तर दोन मुदती मिळाल्या असत्या, म्हणजे काकांनी दोन लगीनसराया काढल्या असत्या.

पुतण्याने परत जाण्याआधी एक केलं. रूटला जाणारी पत्रं वळवून काकांच्या व्हॉट्सॲपवर आणली. आता रोज सकाळी सव्वासहाला मशीनकडून इंग्रजीत निरोप येतो की तुमच्या ॲरेत एक सदस्य कमी झाला आहे. काका चष्म्याशिवाय तो वाचतात. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, पुतण्याने कसलंसं सर्टिफिकेट मिळवलंय. त्यांनी तो कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे पाठवला. हिंगोलीच्या मेहुण्यांनी दोन मिनिटांत ‘अभिनंदन’ लिहिलं, खाली गुलाबाची फुलं. परभणीच्या आत्याबाईंनी ‘फेल’ एवढाच शब्द वाचून ‘पुढच्या वेळी नक्की होईल’ असा धीर दिला. एका साडूंनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली, आणि त्याच्या खाली अकरा जणांनी हात जोडले. दुपारपर्यंत वसमतहून फोन आला, कोण गेलं म्हणून. काकूंनी घेतला. म्हणाल्या, “हळदीची एक गेली. बाकी तिघी हायत.”